रूळ उठले तरी वाट राहावी

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. चैत्र पौर्णिमेस येथील ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड निघते आणि ते वाकडला जाते. या दोन गावांमधील वाट बगाडाने वर्षानुवर्षे राखली आहे. आजूबाजूची शेते गेली, घरे बदलली, रस्त्याचे नाव बदलले. परंतु वर्षातून एक दिवस ती वाट बगाडाची असते, हे कोणास सांगावे लागत नाही. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभारण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता भाताच्या खाचरांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. सकाळ-संध्याकाळची वाहनांची रांग ही या गावाची नवी ओळख झाली. त्यावर उपाय म्हणून माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. या मार्गावर २३ स्थानके योजिली असून आगारासाठी माणची जमीन घेण्यात आली.

मुळशी तालुक्यात रूळ येत आहेत ही घटना मोठी खरी. परंतु ती पहिली नव्हे. शंभर वर्षांपूर्वीही या तालुक्यात रूळ आले होते. ते कोणासाठी आले आणि काम संपल्यावर त्यांचे काय झाले, याचा विचार हिंजवडीने करावा अशी वेळ आली आहे. किंबहुना ज्या ज्या गावातून एके काळी गाडी जात होती आणि आज जात नाही, त्या सर्व गावांच्या इतिहासाशी हा प्रश्न निगडित आहे.

पहिली रेल्वे

नीला आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सोडावयाचे आणि त्यातून मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरले. या धरणाखाली मावळातील सुमारे ५० गावांची जमीन जाणार होती. शेतकऱ्यांचा विरोध संघटित झाला आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी.

धरणाच्या कामासाठी कंपनीने रेल्वे टाकली होती. सत्याग्रह ओसरू लागला, जमिनीचे मोबदले स्वीकारले जाऊ लागले आणि बांधकाम पुढे सरकले, तेव्हा १९२४ च्या अखेरीस सेनापती बापटांनी मोजक्या साथीदारांसह ही रेल्वे अडविली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगातून ते १९३१ साली सुटले. १९२७ साली भिरा येथील वीजगृह चालू झाले आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला मिळू लागली.

या इतिहासातील धरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रेल्वेविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती गाडी मुळशीच्या माणसांसाठी नव्हती. तिने तालुक्याचा भात बाजारात नेला नाही, तालुक्यातील विद्यार्थी शाळेत पोहोचविला नाही. काम संपल्यावर ती रेल्वेही संपली आणि तालुक्याच्या वाहतुकीच्या नकाशावर तिचे नाव उरले नाही. सेनापतींनी ती का अडविली याचा उलगडा एका वाक्यात होतो: गावातून जाणारी प्रत्येक गाडी गावाची असतेच असे नाही.

मात्र महाराष्ट्रात याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. गावांच्या गरजेतून निघालेली, गावांना शहरे करणारी आणि बंद झाल्यावरही आपली वाट मागे ठेवून उपयोगी पडलेली एक छोटी रेल्वे सोलापूर जिल्ह्यात जन्मास आली. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे.

बार्शीची छोटी गाडी

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मोठा मार्ग १८६० पर्यंत तयार झाला. बार्शी हे कापसाचे व धान्याचे मोठे बाजाराचे गाव. परंतु हा मार्ग त्यास चुकवून गेला. मोठ्या मार्गावर बार्शीसाठी जे स्थानक ठेवले, त्याचे नाव 'बार्शी रोड'. तेथून बार्शी सुमारे ३४ किलोमीटर दूर होती. मराठवाड्याचा कापूस बैलगाड्यांनी बार्शीस यावयाचा आणि बार्शीहून पुन्हा बैलगाड्यांनीच स्थानकावर जावयाचा. पावसाळ्यात काळ्या मातीतून चाके निघत नसत. मालाचा भाव ठरे मुंबईत, आणि तो पदरात पडे तो वाहतुकीचा खर्च वजा जाता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली याच मोठ्या रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. कमी खर्चाची, अरुंद रुळांची रेल्वे खेड्यापाड्यांच्या वाहतुकीस पुरेशी होईल, अशी त्याची धारणा होती. अडीच फूट रुंदीचा मार्ग, हलके रूळ आणि चाकांच्या प्रत्येक जोडीवर ५ टनांपेक्षा अधिक भार नाही, हे त्याचे सूत्र. भार सारखा वाटला गेला तर हलका रूळही मोठे ओझे पेलतो, हे त्याने दाखवून दिले. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली, लीड्सजवळ डब्यांच्या व इंजिनाच्या चाचण्या झाल्या आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी धावू लागली.

ही गाडी एवढ्यावर थांबली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती एका बाजूस पंढरपूरला आणि दुसऱ्या बाजूस निजामाच्या मुलखातील तडवळ्यापर्यंत गेली. १९११ साली ती लातूरला पोहोचली. १९२७ साली पंढरपूर ते मिरज हा टप्पा पूर्ण झाला. लातूरपासून मिरजेपर्यंत सुमारे ३२५ किलोमीटरचा हा मार्ग ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि दक्षिणेतील छोटी संस्थाने यांच्या सीमा ओलांडीत जात होता. भाषावार प्रांतरचनेची चर्चा होण्याच्या कितीतरी आधी मराठवाडा, सोलापूर आणि कृष्णाकाठ या तीन मराठी भागांना या गाडीने एका तिकिटात बांधले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

गावांची घडण

या मार्गावरील गावांचा इतिहास पाहिला तर गाडी गावाचे काय करते हे स्पष्ट दिसते. ज्या स्थानकाचे नावच दुसऱ्या गावावरून 'बार्शी रोड' असे पडले होते, ते पुढे कुर्डुवाडी या स्वतःच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मोठ्या आणि छोट्या मार्गांचे ते मीलनस्थान झाले. येथे एका गाडीतून उतरावयाचे आणि दुसरीत चढावयाचे. माल हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकावयाचा. छोट्या गाडीचा दुरुस्तीचा कारखानाही येथेच उभा राहिला. फाऊंड्रीत, लेथवर आणि इंजिनाखाली काम करणारा कामगारवर्ग माढा तालुक्यातील या गावात निर्माण झाला. ज्या भूमीत ज्वारीशिवाय दुसरे साधन नव्हते, तेथे महिन्याचा पगार घेणारी घरे झाली.

बार्शीत बाजाराच्या जोडीला कापसाच्या गिरण्या आल्या, शिक्षणसंस्था वाढल्या. लातूर हे निजामी राज्यातील एक गाव. गाडी आल्यानंतर ते मराठवाड्यातील धान्याची व तेलबियांची पेठ म्हणून पुढे आले. पुढील काळातील लातूरच्या शैक्षणिक कीर्तीची चर्चा पुष्कळ होते. तिच्या पायाशी ही पेठ आणि या पेठेच्या पायाशी ती अडीच फुटी वाट होती, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

पंढरपूरचे तर सांगावयासच नको. आषाढी आणि कार्तिकीला ही छोटी गाडी माणसांनी ओसंडून जाई. पायी वारीची थोरवी कमी झाली नाही. परंतु ज्या वृद्धांना चालणे शक्य नव्हते, ज्या शेतमजुरांना पंधरा दिवसांची रजा परवडत नव्हती, त्यांना विठोबाचे दर्शन या गाडीमुळे सुलभ झाले. पुढे सांगोला, कवठे महांकाळ या कायमच्या अवर्षणाच्या पट्ट्यातून ती मिरजेस जाई. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे आणि दवाखान्यांचे गाव. या पट्ट्यातील कित्येक रुग्णांना मोठ्या दवाखान्याची वाट याच गाडीने दाखविली.

आणखी एका गावाचा उल्लेख केला पाहिजे. धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. निजामी राज्याच्या अंतर्भागातील या छोट्या गावाशी रेल्वेने जोडलेपण होते ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या गावापर्यंत गाडी जाते तेथे माल जातो, तसेच वर्तमानपत्र जाते, पत्र जाते आणि विचारही जातो.

मालक बदलले, रुंदी बदलली

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि पुढे ती मध्य रेल्वेचा भाग झाली. काळ मोटारींचा आला होता. एस. टी. गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागली आणि रेंगाळत जाणारी गाडी चेष्टेचा विषय झाली. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून पुन्हा गाडीत चढता येते, असे लोक सांगत. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले आणि अडीच फुटी रूळ इतिहासजमा झाले.

रुंदीकरण करताना एक महत्त्वाचा बदल झाला. जुना मार्ग धाराशिव या जिल्ह्याच्या गावास टाळून बार्शीहून येडशीकडे जात असे. नवा मार्ग धाराशिववरून नेण्यात आला. जिल्ह्याच्या ठिकाणाला स्थानक मिळाले हे न्याय्यच झाले. परंतु जुन्या दिशेवर जी खेडी होती त्यांचे रूळ गेले. एका गावाला गाडी देताना दुसऱ्या गावाची गाडी काढून घ्यावी लागते, हे दुःख नकाशावर दिसत नाही. ज्या खेड्यातील मुलांनी घड्याळ पाहण्यापूर्वी गाडीच्या शिटीवरून वेळ ओळखली, त्या खेड्यात आता मातीचा एक लांबट उंचवटा, एखादी मोरी आणि दगडी पुलाचे खांब एवढेच शिल्लक राहते.

या उंचवट्याचे काय करावयाचे हा खरा प्रश्न आहे. तो शेतात मिसळून जाऊ द्यावा काय? त्यावर दुकाने बांधू द्यावीत काय? की ती वाट सलग राखावी?

मॅनिफोल्डचे उत्तर

याचे एक उत्तर खुद्द कॅलथ्रॉपच्याच दुसऱ्या मार्गाने दिले आहे. बार्शीच्या यशानंतर इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोरे यांसाठी त्याच अभियंत्याने त्याच अडीच फुटी रुंदीचा मार्ग बांधला. बार्शीला वापरलेली तत्त्वे तेथे वापरली. वसाहतीतून शिकून राज्यकर्त्यांच्या मायदेशी गेलेल्या ज्ञानाची ही एक दुर्मिळ कथा आहे. हा मार्ग १९०४ साली सुरू झाला, परंतु जेमतेम १३ किलोमीटरच्या या रेल्वेस पुरेसा माल आणि पुरेसे प्रवासी कधीच मिळाले नाहीत. १९३४ साली ती बंद पडली.

बंद पडलेल्या रेल्वेची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकून टाकणे सोपे होते. तसे झाले नाही. रेल्वे कंपनीने ती सलग पट्टी परगण्याच्या लोकनियुक्त मंडळास दिली आणि १९३७ साली तेथे पायवाट खुली झाली. आज दोन पिढ्यांच्या पलीकडची माणसे त्या वाटेने चालतात, सायकली चालवितात. तोट्यात गेलेली रेल्वे लोकांची वाट म्हणून यशस्वी झाली. बार्शीच्या या धाकट्या भावंडाचे भाग्य बार्शी-येडशीच्या जुन्या वाटेलाही लाभू नये, असे काही नाही.

अमेरिकेत ही कल्पना आणखी पुढे गेली. विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा हा बंद पडलेला रेल्वेमार्ग १९६० नंतरच्या दशकात राज्याने घेतला आणि सायकलींसाठी खुला केला. वाटेतील केंडल, विल्टन, नॉरवॉक ही गावे आपल्याकडील एखाद्या बाजाराच्या गावाहूनही लहान. गाडी गेल्यावर ती विस्मृतीत जावयाची. त्याऐवजी त्यांना नवा पाहुणा मिळाला आणि केंडलचे जुने स्थानक त्या वाटेचे कार्यालय झाले. १९८३ साली तेथील कायद्यात अशी तरतूद झाली की, बंद मार्गाची जमीन पायवाट म्हणून वापरली तरी उद्या गरज पडल्यास ती पुन्हा रेल्वेसाठी घेता यावी. म्हणजे वाट विकावयाची नाही. ती ठेव म्हणून ठेवावयाची.

जेथे ही दूरदृष्टी नव्हती तेथे किंमत मोजावी लागली. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोहून दक्षिणेकडे सीमाप्रदेशात जाणारा मार्ग १९६९ साली बंद केला गेला. त्याचा काही भाग २०१५ साली पुन्हा सुरू करावा लागला. मधल्या काळात जुन्या वाटेवर ठिकठिकाणी बांधकामे झाली होती. तेथे मार्ग नव्याने शोधावा लागला. जी जमीन एके काळी सरकारचीच होती, तिच्यासाठी पुन्हा पैसे मोजणे यासारखा अव्यवहार दुसरा नाही.

लातूरचे पाणी

परदेशाची उदाहरणे दिली की आपल्याकडे एक आक्षेप ठरलेला असतो: सायकलींची हौस श्रीमंत देशांना शोभते, येथे माणसाला राहावयास जागा नाही, शेतकऱ्याला जमीन नाही, आणि तुम्ही बंद पडलेल्या गाडीची वाट राखावयास सांगता! आक्षेप वरकरणी सयुक्तिक आहे. त्याचे उत्तर एप्रिल २०१६ मध्ये लातूरने दिले.

त्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी देणारे स्रोत आटले. नळ कोरडे पडले, टँकरभोवती झुंबड होऊ लागली. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला नेण्याचा निर्णय झाला. दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. पुढे ५० टाक्यांची गाडी धावू लागली. ती कोणत्या मार्गाने गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे जवळपास त्याच मार्गाने, जो कॅलथ्रॉपच्या कंपनीने १८९७ पासून १९२७ पर्यंत तुकड्यातुकड्यांनी जोडला होता. कापसासाठी आणि वारकऱ्यांसाठी आखलेली वाट शंभर वर्षांनंतर एका तहानलेल्या शहराच्या उपयोगी पडली.

छोटी गाडी तोट्यात गेली तेव्हा 'हा मार्ग आता कशाला हवा' असे म्हणून ती वाट मोडून टाकली असती, तर रुंदीकरण झाले नसते आणि २०१६ साली पाण्याची गाडी कोणत्या रुळांवरून गेली असती? सलग वाटेचे मोल तिच्यावर आज काय चालले आहे यावरून करावयाचे नसते. गावाच्या गायरानाप्रमाणे, देवराईप्रमाणे ती अनेक पिढ्यांची सामाईक मालमत्ता असते. एक एकर जमीन कोठेही मिळू शकेल. परंतु दोन गावांना जोडणारी सलग पट्टी मध्ये एक इमारत उभी राहिली तरी निरुपयोगी होते, आणि एकदा गेली की पुन्हा मिळणे दुरापास्त.

शकुंतलेची प्रतीक्षा

विदर्भात हाच प्रश्न आज उभा आहे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अंजनगाव, अचलपूर या कापसाच्या गावांना जोडणारी छोटी रेल्वे लोक 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखतात. मूर्तिजापूर हे तिचे मध्य. तेथून एक फाटा यवतमाळकडे, दुसरा अचलपूरकडे. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे तिच्या मार्गाची मालकी मूळच्या ब्रिटिश खासगी कंपनीकडेच राहिली होती, ही तिच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. आता तिची चाके थांबली आहेत. या गावांतील लोकांनी रुंदीकरणाची मागणी पुनःपुन्हा केली आहे, ती केवळ जुन्या आठवणींपोटी नव्हे. ज्या मजुराला बसचे भाडे जड जाते, ज्या विद्यार्थ्याला रोज तालुक्याला जावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने स्वस्त तिकीट हा चैनीचा विषय नाही.

गाडी पुन्हा येईल अथवा न येईल. तो पैशाचा आणि धोरणाचा प्रश्न आहे, आणि प्रत्येक बंद गाडी पुन्हा सुरू करावी असा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. परंतु निर्णय होईपर्यंत वाट तरी शाबूत राहिली पाहिजे. रूळ चोरीस गेले, रुळांखालच्या भूमीवर अतिक्रमणे झाली, पुलांचे दगड लोकांनी नेले, तर पुढे निर्णय घेण्याजोगे काही उरणारच नाही. काळाच्या ओघात प्रश्न आपोआप 'सुटतो' तो अशा रीतीने. हे सुटणे नव्हे, हरणे होय.

वाट राखणे म्हणजे केवळ जमीन राखणे नव्हे. तिच्याबरोबर स्मृतीही राखावी लागते. छोट्या स्थानकांचे फलक, जुनी वेळापत्रके, मालाच्या नोंदवह्या, कंदील, टोकनचे गोळे या वस्तू रेल्वेच्या मोठ्या संग्रहालयात थोड्या पोहोचतात. बहुसंख्य भंगारात जातात. याहूनही लवकर नाहीशी होते ती माणसांची आठवण. फाटकवाले, गँगमन, स्थानकावर चहा विकणारे, गाडी बदलताना माल वाहणारे हमाल यांच्या कथनात गावाचा जो इतिहास आहे तो कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. या कामास मोठ्या निधीची गरज नाही. कुर्डुवाडी, बार्शी, कारंजा, अचलपूर येथील शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीस वही-पेन्सिल देऊन आपल्याच गावात पाठविले, तर एका वर्षात पुष्कळ जमा होईल. राजवंशांच्या सनावळ्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावाच्या स्थानकाचा सन ठाऊक नसावा, हा दोष विद्यार्थ्याचा नाही.

हिंजवडीने विचारावे

आता पुन्हा हिंजवडीकडे वळू. मुळशीची रेल्वे आणि बार्शीची रेल्वे या दोन्ही रेल्वेच होत्या. दोन्ही खासगी भांडवलाने आल्या, दोन्हींना नफा हवा होता. फरक इतकाच की, एकीला गावातून जावयाचे होते आणि दुसरीला गावापर्यंत. एकीचे काम संपले आणि तिची वाटही संपली. दुसरी मोडली, रुंदावली, वळली, पण टिकली. कारण त्या वाटेवर ज्यांचे पोट आणि ज्यांचा देव होता, त्यांनी ती सोडली नाही.

हिंजवडीच्या मेट्रोचे काम ज्या खासगी समूहावर सोपविले त्यात टाटा समूहाच्या कंपनीचा वाटा आहे. शंभर वर्षांत इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाले असे कोणास वाटेल. परंतु हे वर्तुळ नव्हे. त्याच तालुक्याला मिळालेली दुसरी संधी आहे. १९२४ साली रेल्वे अडविणाऱ्या सेनापतींना तुरुंगात जावे लागले. आज प्रश्न विचारण्यासाठी तुरुंगात जाण्याची आवश्यकता नाही. ग्रामसभेत जाणे पुरेसे आहे.

ग्रामसभेने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. सकाळी शहरातून वसाहतीकडे येणाऱ्या नोकरदारांबरोबर, संध्याकाळी पौडकडे परतणाऱ्या मजुराचीही सोय या गाडीने होणार की नाही? माणच्या पुढे तालुक्याच्या अंतर्भागात जी गावे आहेत, त्यांच्यासाठी शेवटच्या स्थानकापासून एस. टी.ची जोडणी राहणार काय? मार्गासाठी आणि आगारासाठी जी जमीन गेली, तिची नोंद, तिच्या जुन्या नावांची आणि वहिवाटींची नोंद कोणी ठेवली आहे काय? आणि ज्या दिवशी बगाड निघेल, त्या दिवशी खांबांखालून जाणारी ती जुनी वाट मोकळी राहील काय?

या प्रश्नांची उत्तरे आज लिहून ठेवली तर शंभर वर्षांनंतर कोणी या मार्गाचा इतिहास लिहील तेव्हा त्याला हिंजवडी हे केवळ एका स्थानकाचे नाव म्हणून भेटणार नाही. मुळशीच्या पहिल्या गाडीने तालुक्याचे पाणी नेले, वीज नेली आणि मागे वाटही ठेवली नाही. दुसऱ्या गाडीकडून काय घ्यावयाचे, हे मात्र अद्याप तालुक्याच्या हाती आहे. रूळ कोणी टाकले याला इतिहासात महत्त्व आहे. परंतु ती वाट कोणाची झाली, याला त्याहून अधिक आहे.